फर्म्यामागून फर्मा

मुद्रितशोधकाला पैसे फर्म्यावर मिळतात, विषयावर मिळत नाहीत. सोळा पानांचा एक फर्मा. त्या पानांत खून पडो, सूर्याजवळून जाताना प्रकाशकिरण वाको, नाहीतर शंकराचार्य सांख्यांचं खंडन करोत, दर तोच. समीकरणं असतील तर थोडा जास्त मागायची पद्धत आहे, तो मिळतोच असं नाही. त्यामुळे माझं वाचन माझ्या आवडीनिवडीने घडलेलं नाही. प्रकाशकाकडून जो गठ्ठा आला तो वाचला. एका आठवड्यात भयकथांचा संग्रह, पुढच्या आठवड्यात कृष्णविवरं, आणि मध्येच कुणा निवृत्त प्राध्यापकांचा न्यायदर्शनावरचा ग्रंथ, तोही ‘घाई नाही, पण पंधरा तारखेला प्रकाशन आहे’ अशा निरोपासकट.

वाचनाविषयी बोलताना माणसं एक शिडी गृहीत धरतात. शाळेत बाबुराव अर्नाळकर, कॉलेजात सुहास शिरवळकर, नोकरी लागली की अच्युत गोडबोले यांचं ‘किमयागार’, आणि गुडघे बोलायला लागले की ‘गीतारहस्य’. वर चढलं की खालची पायरी विसरायची. शेवटच्या पायरीसाठी ‘गीतारहस्य’ राखून ठेवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते उघडलेलं असतं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेल्या त्या ग्रंथात सांख्यांच्या शेजारी स्पेन्सर बसलाय, मिल आणि कांट येऊन जातात, उत्क्रांतीची चर्चा करताना हेकेलही येतो. टिळकांना शिडी ठाऊक नव्हती. माझ्या टेबलावर ती लावायला कधी जागाच झाली नाही. आणि काही वर्षांनी माझ्या ध्यानात आलं, की पुस्तकातली चूक पकडायला त्या विषयाचं ज्ञान जितकं कामी येतं त्याहून शेजारच्या विषयाचं जास्त येतं. आपल्या विषयात लेखक पक्का असतोच. शेजारी डोकावायला त्याला सवड नसते.

काम शिकले ते पुण्याच्या पेठेतल्या एका छापखान्यात, कॉपीहोल्डर म्हणून. खिळ्यांचे दिवस संपत आले होते, तरी दोघं-तिघं जुळारी अजून केसपुढे उभे असायचे. कॉपीहोल्डरने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि शोधकाने गॅलीवर नजर ठेवायची. ‘त्याने दाराची कडी हळूच काढली स्वल्पविराम हातात सुरा होता पूर्णविराम नवा परिच्छेद.’ अशा वाचनात रहस्याचा पार चोथा होतो. दुपारी त्याच सुरात तर्कशास्त्राचं क्रमिक पुस्तक: ‘सर्व मनुष्य मर्त्य आहेत अर्धविराम.’ आमचे मुख्य शोधक, त्यांना सगळे आप्पा म्हणत, दोन्ही सारख्याच चेहऱ्याने ऐकायचे. सुऱ्याला घाबरायचे नाहीत आणि मर्त्य असण्यालाही नाहीत. त्यांची ताकीद एकच असे: ‘अर्थ लागेनासा झाला की थांब. आणि फार भराभर लागायला लागला तरी थांब.’

यातला दुसरा भाग मला कथा-कादंबऱ्यांनी शिकवला. लोकप्रिय कादंबरी तपासणं हे तत्त्वज्ञानाचा ग्रंथ तपासण्यापेक्षा अवघड काम आहे, असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला विनोद वाटतो. तत्त्वज्ञानाचं वाक्य तुम्हाला स्वतःहून थांबवतं. रहस्यकथेचा लेखक मात्र तुमचे डोळे पुढे ढकलण्यातच तरबेज असतो. अर्नाळकरांची हजारावर पुस्तकं खपली ती या कसबावर. त्यांचा नायक झुंजार खिडकीतून उडी मारत असताना ‘खिडकी’ची वेलांटी कोण बघणार? म्हणून मी शेवटचं प्रकरण आधी वाचते. खुनी कोण हे कळलं की बाकीची पानं गडबड करत नाहीत. मग पहिल्या पानापासून लेखक काय लपवतो आहे ते दिसायला लागतं: कुठलं वाक्य त्याने मुद्दाम सैल सोडलंय, डॉक्टरांना भर उन्हाळ्यात हातमोजे का घातलेत. शेवट कळल्यावर जिच्यात वाचण्यासारखं काही उरत नाही ती कादंबरी कच्ची, असं माझं मत झालं आहे. माझ्या भाच्याला ते मुळीच मान्य नाही, आणि तो माझ्या शेजारी बसून सिनेमा बघत नाही.

या कथांमधलं सर्वांत बेभरवशाचं पात्र म्हणजे चंद्र. मराठी भयकथेला अमावास्या हवी असते आणि नायिकेचा भेदरलेला चेहरा दिसायला चांदणंही हवं असतं. अमावास्येच्या रात्री वाड्याच्या चौकात पडलेलं टिपूर चांदणं कुणीही पकडेल. हाताशी येत नाही ती द्वितीयेची कोर. सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांत ती मावळते, पण ऐन मध्यरात्री तिला पिंपळाच्या शेंड्यावर टांगायचा लेखकांना भारी सोस. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना वर येतो आणि रात्रभर राहतो. चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकतो, एवढं धरून ठेवलं की कुठल्या तिथीला कुठल्या प्रहरी नायिकेचा चेहरा दिसेल ते सांगता येतं. हे मला खगोलशास्त्राची एक छोटी पुस्तिका तपासताना कळलं. कळलं तेव्हा वाटलं, हे तर आपल्या घरात होतंच की! संकष्टीला आई भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्ये चंद्रोदयाची वेळ बघून पानं घ्यायची. ती वेळ नऊच्या आगेमागेच का येते, हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नव्हतं. पौर्णिमेनंतरची चौथी तिथी, म्हणून.

तर असा चंद्र सापडला की मी समासात प्रश्नचिन्ह करते. दुरुस्त करायचा अधिकार आपला नाही, विचारायचा आहे. एका लेखकांनी उलट टपाली लिहिलं, ‘वाचक पंचांग घेऊन बसत नाहीत.’ मराठी वाचकाची एवढी अपुरी माहिती असलेला लेखक मी पुन्हा पाहिला नाही.

क्लोरोफॉर्मचंही तसंच. नाकाला रुमाल लावला, नायिका दोन सेकंदांत खांद्यावर. १८४७ साली एडिनबर्गच्या जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतिणीच्या कळा कमी करायला तो वापरायला सुरुवात केली, आणि तेव्हापासूनच्या वैद्यांचा अनुभव असा की माणूस बेशुद्ध व्हायला काही मिनिटं लागतात. इथे मात्र मी प्रश्नचिन्ह करत नाही. तो रुमाल या प्रकारातला संकेत आहे, रंगभूमीवरच्या स्वगतासारखा. चूक कुठली आणि संकेत कुठला हे ओळखायला पुष्कळ कादंबऱ्या वाचलेल्या असाव्या लागतात. त्याला औषधशास्त्र पुरत नाही.

विज्ञानाच्या पुस्तकांत धोका वेगळ्या जागी असतो. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतात, ते डोळ्यांना लगेच टोचतं. टोचत नाही ती घातांकांची घसरण. दहाचा तेविसावा घात लिहिताना वर छोटे लिहिलेले दोन आकडे खाली येऊन ओळीत उभे राहतात आणि ‘१०२३’ होतात. अव्होगाड्रोची संख्या, जी सहाशे कोटी माणसांनी जन्मभर मोजली तरी संपायची नाही, ती सहा हजारांच्या घरात येते. सूर्याचं वस्तुमान किलोग्रॅममध्ये सांगताना दहाचा तिसावा घात ‘१०३०’ झाला, तर सूर्य एका ट्रकात भरून नेता येईल. ओळ मात्र दिसायला निर्दोष! व्याकरण ठीक, शुद्धलेखन ठीक, आकडाही कसा गोमटा. अशा ठिकाणी मी आकड्याला गोष्टीतल्या पात्रासारखं वागवते: हा इथे काय करायला आलाय, आणि त्याच्या अंगात तेवढं बळ आहे का? इंग्रजीतले मिलियन-बिलियन मराठीत आणतानाही हेच. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं. ते एखाद्या पानावर १३८ कोटी झालं तर त्याच पुस्तकात पुढे येणारी पृथ्वी, वय सुमारे ४५० कोटी, विश्वाच्या आधी जन्मलेली निघते. मुलगी आईपेक्षा मोठी झाल्याचं कौटुंबिक कादंबरी तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही; तिथे आम्ही सुरुवातीलाच प्रत्येकाचं जन्मसाल कागदावर मांडून ठेवतो. विज्ञानाच्या पुस्तकाला तसा कागद करायची बुद्धी मला एका चार पिढ्यांच्या कादंबरीने दिली.

एकदा सापेक्षतेवरचं एक सुबोध पुस्तक आलं होतं. लेखक पदार्थविज्ञानाचे जुने प्राध्यापक, भाषा स्वच्छ, काम म्हणून फारसं काही नव्हतं. एडिंग्टन यांच्या मोहिमेचं प्रकरण त्यांनी झकास लिहिलं होतं. २९ मे १९१९चं खग्रास सूर्यग्रहण (त्या दिवशी अमावास्या होती हे मला पंचांगात बघावं लागलं नाही), आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं प्रिन्सिपे बेट, दुसरी तुकडी ब्राझीलमध्ये सोब्रालला, आणि सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वळतो याचं मोजमाप. आइनस्टाइनच्या हिशेबाने १.७५ आर्कसेकंद, न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावरून काढला तर त्याच्या निम्मा. आणि प्रकरणाच्या शेवटी वाक्य होतं की अशा रीतीने आइनस्टाइनचा सिद्धान्त कायमचा सिद्ध झाला.

त्याच्या आधीचाच गठ्ठा विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावरचा होता. त्यात व्हिएन्नातला एक सतरा वर्षांचा पोरगा होता, कार्ल पॉपर. याच ग्रहणाच्या बातमीने त्याला पछाडलं. नेमकं कशाने? तर निरीक्षण उलट आलं असतं तर सिद्धान्त तिथल्या तिथे पडला असता, आणि आइनस्टाइन तो धोका पत्करून बसले होते, याने. पुढे १९३४ साली आलेल्या पुस्तकात त्याने मांडलं की वैज्ञानिक सिद्धान्त कधी कायमचा सिद्ध होत नसतो. खोटा ठरायची संधी देऊनही तो तगून राहतो, एवढंच. मी प्राध्यापकांच्या ‘कायमचा सिद्ध’खाली पेन्सिलीची रेघ मारून समासात प्रश्न टाकला. त्यांचा फोन आला. ‘बाई, तुमचं बरोबर आहे. पण शाळेतल्या मुलाला “अजून तगून आहे” असं सांगितलं तर तो म्हणेल, मग शिकू कशाला?’ मी म्हटलं, ‘सर, माझा भाचा तर तेवढ्यासाठीच शिकेल.’ ते हसले. वाक्यातला ‘कायमचा’ त्यांनी काढला, ‘सिद्ध’ ठेवला. बऱ्यापैकी तडजोड झाली असं मला वाटतं.

कथा, विज्ञान आणि तत्त्वज्ञान हे तिन्ही गठ्ठे एकाच माणसाच्या लेखनात एकत्र बांधलेले पाहायचे तर मला जयंत नारळीकर आठवतात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून केलेलं नाव. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल हेही विश्वरचनाशास्त्र आणि विज्ञानकादंबऱ्या एकाच हाताने लिहीत. पण मला नारळीकरांची आवडते ती ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि जिथे मराठे पानिपत जिंकलेत अशा मुंबईत उतरतात. टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात बसून ते शोधतात की इतिहास कुठे फुटला. परत आल्यावर त्यांच्याकडे पुरावा म्हणून उरतो तो बखरीचा एक फाटका कागद. त्यातली हकिकत आपल्याकडच्या बखरीबरोबर ताडून बघितली की फरक निघतो एवढाच: एका प्रतीत गोळी विश्वासरावांना लागते, दुसऱ्या प्रतीत त्यांना चाटून निघून जाते.

ही गोष्ट मी वाचली तेव्हा पुंजभौतिकीतल्या अनेक विश्वांपेक्षा मला तो कागद जास्त भिडला. दोन प्रती शेजारी ठेवून कुठे फरक पडतो ते बघायचं, हा तर आमचा धंदा. आम्ही मात्र एक प्रत खरी आणि दुसरी चुकीची असं मानूनच बसतो. गायतोंड्यांपुढे दोन्ही प्रती खऱ्या आहेत, आणि मुद्रितशोधकाला याहून भयंकर स्वप्न पडू शकत नाही. त्या कथेला विज्ञानकथा म्हणून बक्षिसाच्या कपाटात ठेवणाऱ्यांनी तिच्यातलं तत्त्वज्ञान वाचलंच नाही, असं मला राहून राहून वाटतं. ‘जे घडलं तेच का घडलं’ हा प्रश्न नुसत्या चर्चेत विचारला की डोळे मिटायला लागतात. टाउन हॉलच्या ग्रंथालयात घाम फुटलेल्या प्राध्यापकाने विचारला की झोप उडते.

विश्वाला आरंभ आहे की नाही, हा प्रश्नही असाच माझ्यापुढे वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून आला. पाश्चात्य तत्त्वज्ञानाच्या एका पुस्तकात कांट होता. १७८१च्या आपल्या ग्रंथात त्याने जगाला काळात आरंभ आहे याची सिद्धता दिली, आणि नाही याचीही दिली, दोन्ही सारख्याच तोलाच्या. मूळ जर्मन पुस्तकात त्या समोरासमोरच्या पानांवर छापल्या होत्या, म्हणजे वाचकाला दोन्हीकडे एकदम बघता यावं. आमच्या पानजुळणीत पहिली बाजू उजव्या पानावर आली आणि दुसरी पान उलटल्यावर. मजकूर सगळा बरोबर, तरी कांट बिघडला! मी आधीच्या प्रकरणाखाली एक पान कोरं सोडायला सुचवलं. कागद वाया जातो म्हणून कुरकुर झाली, मग ऐकलं.

त्याच वर्षी विश्वरचनाशास्त्राच्या एका पुस्तकात हाच वाद पुन्हा भेटला. हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांचा १९४८चा स्थिर विश्वाचा सिद्धान्त, म्हणजे आरंभ नसलेलं विश्व, समोर महास्फोट. १९६५ साली पेंझियास आणि विल्सन यांना सगळ्या आकाशातून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि पारडं महास्फोटाकडे झुकलं. हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी तरीही हार न मानता १९९३ साली स्थिर विश्वाची सुधारलेली मांडणी केली. कांटने जिथे हात टेकले तिथे हे लोक दुर्बीण रोखत होते. आणि मग बौद्ध तत्त्वज्ञानाच्या एका पुस्तिकेत बुद्ध. जग शाश्वत की अशाश्वत, या प्रश्नाला त्याने उत्तरच दिलं नाही. विषारी बाण लागलेल्या माणसाने बाण मारणाऱ्याचं कूळ आणि गाव विचारत बसू नये, म्हणाला. तिघांत कोण बरोबर हे सांगायचं माझं काम नाही. पण तिघांना जवळजवळ एका हंगामात वाचल्यामुळे मला एक सवय लागली: ‘सुरुवातीला’ या शब्दाने सुरू होणारं वाक्य आलं की पेन्सिल आपोआप थबकते.

आता तत्त्वज्ञानाविषयी. तो फर्मा आला की दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेल्या मराठी तत्त्वज्ञान-महाकोशाचे खंड फडताळातून खाली काढावे लागतात. ते जड आहेत आणि माझी पाठ आता कुरकुरते. संज्ञा त्यात मिळतात. मिळत नाही ती एकच गोष्ट, आणि तीच सर्वांत आधी लागते: या क्षणी बोलतोय कोण?

आपल्याकडे शास्त्रग्रंथात आधी पूर्वपक्ष येतो. प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्याच तोंडाने, पूर्ण ताकदीने मांडायचं आणि मग खोडायचं. त्याला अवतरणचिन्ह नाही, ‘असे ते म्हणतात’ हे कधी चार पानांनी येतं, कधी गृहीत धरलेलं असतं. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त तर एकापाठोपाठ सोळा दर्शनं येतात, सुरुवात चार्वाकापासून, आणि प्रत्येकाने आधीच्याला बाजूला सारायचं. पहिलं प्रकरण वाचून पुस्तक मिटणारा माणूस पक्का नास्तिक होऊन उठेल. गंमत अशी की चार्वाकाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतेक त्याच्या विरोधकांच्याच ग्रंथांतून. रहस्यकथेत याला काय म्हणतात ते मला पक्कं माहीत होतं. आरोपीची साक्ष कुठेच नाही, त्याच्याविषयी बोलणारे सगळे त्याच्या वाइटावर असलेले. अशा वेळी चांगला गुप्तहेर साक्षीदारांच्या बोलण्यातल्या फटी शोधतो. मी चार्वाकाचं प्रकरण तसंच वाचलं, आणि मला तो विरोधकांनी रंगवलाय त्याहून बराच शहाणा वाटला. न्यायदर्शनाच्या प्राध्यापकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘तुम्ही कादंबऱ्या फार वाचता.’ मी म्हटलं, ‘हो, फर्म्यावर.’

त्यांच्या पुस्तकाच्या वेळी आमचं खरं वाजलं ते यावरूनच. पूर्वपक्षाचे परिच्छेद तिरप्या टायपात घ्यावेत किंवा निदान समास सोडून आत घ्यावेत, म्हणजे वाचक फसणार नाही, असं मी सुचवलं. त्यांनी साफ नकार दिला. वाचकाने चार पानं फसलं पाहिजे, त्याला ते म्हणणं आपलंच वाटलं पाहिजे, त्याशिवाय खंडनाचा काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ही तर खुनी शेवटपर्यंत लपवायची युक्ती झाली. ‘मग?’ ते म्हणाले, ‘तुमच्या अर्नाळकरांच्या आधीपासून आहे ती आमच्याकडे.’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पूर्वपक्ष साध्या टायपात गेला.

पुस्तक निघाल्यावर महिन्याभरात प्रकाशकाकडे वाचकांची पत्रं आली, त्यातल्या एकात विचारलं होतं की इतक्या विद्वान माणसाने ईश्वर नाही असं स्वच्छ लिहावं हे शोभतं का. ते पत्र प्राध्यापकांनी मागून घेतलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटले. मला फोन करून म्हणाले, ‘बघा, चाळीस पानांच्या पुढे गेलेलाच नाही हा. दुसऱ्या आवृत्तीतही टाइप बदलायचा नाही.’